‘मला ओळखलंस का?’ हे विचारणं आधी थांबवा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

डोक्याला मार लागल्यावर बोलणं अडखळतं, त्याबद्दल गेल्या अंकात या पानावर थोडं लिहिलं होतं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं वागण्याबद्दल निघाली, आणि तीही तेरा ते सतरा वयाच्या मुलांच्या. पाच पत्रं निवडली आहेत. नावं आणि शाळा काढून टाकल्या आहेत. मी वाचा-उपचार करते, मेंदूची डॉक्टर नाही; जिथे डॉक्टरकडे जायला हवं तिथे तसं लिहिलं आहे.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा. गेल्या वर्षी मामाच्या गाडीवर मागे बसून अक्कलकोटहून येताना अपघात झाला. हेल्मेट नव्हतं. बरेच दिवस बेशुद्ध होता. आता चालतो, जेवतो, नववीची परीक्षाही दिली. पण मधेच तोंड घालतो, एकच गोष्ट चार-चारदा सांगतो. माझ्या जाऊबाईंना सगळ्यांसमोर ‘काकू, तुम्ही लई जाड झालाय’ म्हणाला. शेजारच्या आजोबांच्या दहाव्याला मोठ्यानं हसला. मुलींच्या अगदी जवळ जाऊन उभा राहतो. क्रिकेटची पोरं आधी रोज हाक मारायला यायची, आता हा खाली उतरला की ती पांगतात. सासूबाई म्हणतात, लाडानं बिघडला. रागावलं की ‘हो’ म्हणतो, पुन्हा तेच. चारचौघांत कसं वागायचं-बोलायचं ते शिकवणारं ‘सोशल स्किल ट्रेनिंग’ असतं म्हणे. सोलापुरात ते कुठे मिळेल?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, पहिला परिच्छेद सासूबाईंना वाचून दाखवा. गाडीवरून पडल्यावर डोकं आपटून थांबतं, आतला मेंदू लगेच थांबत नाही. तो कवटीच्या तळाच्या खडबडीत हाडावर घासला जातो. म्हणून मार डोक्याला कुठेही बसला तरी कपाळामागचा आणि कानशिलामागचा भाग दुखावण्याची शक्यता जास्त. कपाळामागचा भाग म्हणजे आपल्या एसटीचा कंडक्टर. गाडी तो चालवत नाही, पण कुठे थांबायचं, कोणाला आधी उतरू द्यायचं, घंटी आता मारायची की नंतर, हे सगळं त्याच्याकडे. जाऊबाई जाड झाल्या हे तुमच्याही मनात आलं असेल. तुमच्या कंडक्टरनं ते तोंडापर्यंत येऊ दिलं नाही, इतकाच फरक. त्यात पंधराव्या वर्षी हा भाग कुणाचाच पुरता तयार नसतो, पंचविशीच्या आसपासपर्यंत त्याची वाढ चालू राहते. तुमच्या मुलाचा तर अर्धवट तयार असतानाच दुखावला. सीटी स्कॅनमध्ये दिसलं नाही म्हणून इजा नाही, असंही नसतं. ताणले गेलेले बारीक तंतू त्यात पुष्कळदा दिसत नाहीत.

हे नवं नाही. १८४८ साली अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये रेल्वेच्या कामावरच्या फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या डोक्यातून सुरुंग ठासायची लोखंडी पहार आरपार गेली. माणूस जगला, चालू-बोलू लागला, पण ओळखीचे लोक म्हणायला लागले की हा गेज नव्हेच. गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवतात. पुढचा भाग मला जास्त आवडतो. तो चिलीला गेला आणि तिथे काही वर्षं प्रवाशांची घोडागाडी हाकत होता. ठरलेला रस्ता, ठरलेल्या वेळा, उतारूंशी रोजचं तेच ते बोलणं. या नेमानंच त्याला सावरलं असावं, असं काही अभ्यासक मानतात.

आता ‘कुठे मिळेल’. वाचा-उपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आराखडा करून देतील, तो जरूर घ्या. पण शिकणं होणार तुमच्या पार्किंगमध्ये, किराणा दुकानात आणि जाऊबाईंच्या हॉलमध्ये. माझ्या खोलीत मुलं फार शहाण्यासारखी बोलतात. जिना उतरला की ते तिथेच राहतं, कारण एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी वापरणं हेही त्या कंडक्टरचंच काम. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात स्काय मॅकडोनल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा प्रौढांना १२ आठवडे पद्धतशीर शिकवलं. फरक पडला, पण माफक. स्वतःचंच दळण कमी झालं, समोरच्याला बोलण्यात घेणं थोडं वाढलं. २०१३ मध्ये तिथल्याच लीन टॉगर यांच्या गटानं वेगळं केलं. काही रुग्णांना एकट्याला शिकवलं, काहींना त्यांच्या घरच्या किंवा मित्रासह. घरच्यांसह शिकलेल्यांचं रोजचं बोलणं जास्त सुधारलं आणि सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हाही ते टिकून होतं. हे अभ्यास मोठ्या माणसांचे आणि लहान गटांचे आहेत, तरी मी जे दारात बघते त्याच्याशी जुळतात. म्हणून माझं म्हणणं असं की तुमच्या मुलाच्या आधी वर्गात तुम्ही बसा. आणि तुमचे पाहुणे.

पाहुण्यांवर मी जरा रेंगाळणार आहे. आपल्याकडे आजारी माणसाला बघायला आलेला प्रत्येक जण चपला काढता काढता विचारतो, ‘काय, मला ओळखलंस का? सांग बरं मी कोण?’ मग दुसरा, ‘आज वार कोणता?’ तिसरा, ‘अपघात कसा झाला, आठवतं का?’ पंधरा वर्षांच्या मुलाची चहाचा कप रिकामा होईपर्यंत तोंडी परीक्षा चालते, आणि ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत आहे अशाच प्रश्नांची. त्यातून मूल एवढंच शिकतं की बोलणं म्हणजे नापास होणं. मग ते गप्प तरी बसतं, नाहीतर अंगावर येतं. दारातच सांगून ठेवा की ‘परीक्षा घेऊ नका.’ त्याऐवजी स्वतःची ओळख देत बोला. ‘मी राजूमामा, बार्शीहून आलो. येताना मोहोळजवळ तासभर अडकलो.’ पुढे, ‘तू असतास तर काय केलं असतंस?’ याला चूक-बरोबर नाही. मुलाला बोलायला जागा मिळते आणि तुम्हाला खरंच काहीतरी नवं कळतं. ज्या घरात एवढं एक बदललं तिथे चिडचिड उतरलेली मी पाहिली आहे.

मुलासाठी एका वेळी एकच गोष्ट धरा. मी ‘मधे तोंड घालणं’ यापासून सुरुवात करीन, कारण मित्र त्यानंच कंटाळतात. त्याच्याशी बसून एक खूण ठरवा, तुम्ही मनगटावरच्या घड्याळाला हात लावलात की त्यानं वाक्य संपवून समोरच्याला काहीतरी विचारायचं. खूण त्याला पसंत हवी आणि ती तिसऱ्याला कळता कामा नये. चारचौघांत ‘अरे गप की’ म्हणणं बंद. मग मोबाइलवर, त्याला विचारून, जेवणानंतरच्या गप्पांचं पाच मिनिटांचं चित्रण करा. बघताना आधी जे जमलं ते दाखवा, ‘इथे आजीला पुरतं बोलू दिलंस.’ नंतर एकच जागा, आणि तिथे काय करता आलं असतं हे त्यालाच सुचवू द्या. यातल्या पुष्कळ मुलांना आपण कसे वागतो ते त्या क्षणी उमगतच नाही. तुमचा ‘हो’ म्हणणारा मुलगा खोटं बोलत नाही. चित्रात मात्र त्याचं त्यालाच दिसतं. चित्रण ग्रुपवर टाकायचं नाही. काकालाही नाही.

आणखी एक. स्मरणशक्तीला धक्का बसलेला असेल तर ‘काय चुकलं ते सांग’ ही पद्धत उलटते, कारण घोकली जाते ती चूकच. बरोबर रीत आधी करून दाखवा, लगेच त्याच्याकडून करून घ्या, मग पुन्हा पुन्हा. दुकानात जायच्या आधी घरी एकदा दुकान-दुकान करा.

दहाव्याला तो हसला त्याचं तुम्हाला सगळ्यात जास्त लागलं असेल. अकारण, न आवरणारं हसू-रडू हे इजेचंच लक्षण असू शकतं, आणि कधी कधी त्यावर औषध असतं. न्यूरॉलॉजिस्टना आवर्जून सांगा. रिपोर्ट बघताना ही गोष्ट कुणी विचारत नाही आणि आपण लाजेनं बोलत नाही.

मुलींचं : हे शिकवणं बापानं किंवा मामानं करावं, आडवळणानं नको. हात लांब करून जेवढं अंतर होतं तेवढं ठेवायचं. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. अंगावरून, कपड्यांवरून बोलायचं नाही. नियम जितका मोजता येईल असा, तितका पाळायला सोपा. ‘नीट वाग’ हा नियम नव्हे. समोरच्या मुलीला आणि तिच्या घरच्यांना त्याची इजा दिसत नाही, वागणं दिसतं, म्हणून हे पुढच्या वर्षावर ढकलू नका.

आणि त्याचं नाक तपासून घ्या. डोक्याच्या मारानंतर वास येणं कमी होणं किंवा पार जाणं बरंच आढळतं. मुलाला स्वतःच्या घामाचा वास येत नाही, मित्र दूर सरकतात, आणि घरात सगळे स्वभावाची चर्चा करत बसतात. अंघोळ, बनियन, मोजे हे सगळं घड्याळावर ठेवा, नाकावर नको. घरात त्याला एकटं ठेवताना गॅसचीही काळजी घ्या.

प्रश्न : माझी नात आठवीत आहे. सहा वर्षांची असताना माळ्यावरून पडली होती, डोक्यात रक्त साठलं, ऑपरेशन झालं. नंतर ठणठणीत. पाचवीपर्यंत वर्गात वरच्या नंबरात. आता दोन वर्षं मैत्रिणी टिकत नाहीत. कुणी चेष्टा केली तर खरी मानून रडते. टोमणा कळत नाही. कोणी सांगितलं म्हणून बाईंच्या खुर्चीवर खडूची भुकटी टाकली. घरात आम्ही तेलुगू बोलतो, शाळा मराठी. भाषेमुळे होत असेल का? एवढ्या वर्षांनी जुन्या माराचा संबंध असतो का?
– एक आजोबा (यंत्रमागावरून निवृत्त), अशोक चौक

उत्तर : आजोबा, संबंध असू शकतो, आणि तुम्ही तो जोडलात हे फार बरं झालं. लहानपणी लागलेल्या माराचा हिशेब पुष्कळदा उशिरा निघतो. सहा वर्षांच्या मुलीकडून जग फार मागत नाही. भातुकलीत भांडण झालं तर पाच मिनिटांत मिटतं. सातवी-आठवीत मैत्रिणींचं बोलणं अर्धं न बोललेलं असतं. ‘वा, काय छान ड्रेस!’ याचा अर्थ आवाजावरून आणि भुवईवरून लावायचा असतो. त्या वयात मेंदूच्या ज्या भागाची गरज लागते तोच पूर्वी दुखावला असेल, तर तूट तेव्हा वर येते. नात बिघडली नाही, तिच्यापुढचं गणित अवघड झालं.

भाषेचं म्हणाल तर दोन भाषांनी नुकसान होत नाही. सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी बोलणारी पोरं एकाच बाकावर वाढली आहेत. पण एक ताळा करून बघा. तिच्या अव्वानं, म्हणजे आजीनं, तेलुगूत थट्टा केली तर तिला कळते का? घरच्या भाषेतली कळत असेल आणि शाळेतलीच कळत नसेल, तर मराठीचा सराव पुरेल. दोन्हीत कळत नसेल तर कारण इजेत शोधायला हवं. तपासणी करणाऱ्याला जुने ऑपरेशनचे कागद दाखवा आणि दोन्ही भाषांत तपासा म्हणून सांगा. कानही एकदा तपासून घ्या.

सरावाला मालिका फार उपयोगी. मला त्या एरवी बघवत नाहीत, पण चेहरे इतके ठळक करतात की शिकायला बरे. आवाज बंद करून बघा, ही बाई चिडली आहे की घाबरली आहे, कशावरून? मग आवाज लावून पडताळा. नंतर एकच वाक्य, ‘आलात का?’, चार तऱ्हांनी तुम्ही म्हणा : आनंदानं, रागानं, टोमण्यानं, काळजीनं. तिनं ओळखायचं, मग तिनं म्हणायचं आणि अव्वानं ओळखायचं.

खडूची भुकटी मात्र हसण्यावारी नेऊ नका. अशा मुलांना चढवून देणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात, आज खडू, उद्या मोबाइलवर फोटो. तिच्यासाठी ठरलेलं वाक्य तयार ठेवा, ‘तू कर की आधी.’ ते इतकं पाठ हवं की विचार करायची गरज पडू नये. कुणी ‘घरी सांगू नको’ म्हणालं की घरी सांगायचंच, हा दुसरा नियम.

प्रश्न : माझ्या नववीच्या वर्गात अपघातानंतर परतलेला एक मुलगा आहे. तासाला मधेच बोलतो, मला परवा ‘काय बे सर’ म्हणाला. वर्ग हसला. शिक्षा करावी की सोडून द्यावं? आणि दहावीला काही सवलत मिळेल का?
– एक शिक्षक, विजापूर रोड

उत्तर : सर, दोन्ही नको. सोलापुरात मित्राला ‘बे’ म्हणणं हे प्रेमच, हे त्याच्या डोक्यात शाबूत आहे. कोणाला म्हणायचं नाही, ती चाळणी फाटली आहे. तासानंतर, एकट्याला, शांतपणे सांगा : ‘बे’ बाकावरच्यांना, ‘सर’ मला. मग त्याच्याकडून योग्य वाक्य एकदा म्हणवून घ्या आणि विषय संपवा. भर वर्गात ओरडलात तर वर्गाला खेळ मिळतो.

त्याला पुढच्या बाकावर, खिडकी-दारापासून दूर बसवा. समंजस मुलगा शेजारी द्या, आणि तो दर महिन्याला बदला, नाहीतर त्या बिचाऱ्याची मैत्री नोकरी होऊन बसते. चौथ्या-पाचव्या तासानंतर याचं वागणं जास्त घसरत असेल तर तो थकवा आहे. दुखावलेला मेंदू लवकर दमतो, आणि दमला की आधी सभ्यता जाते. मधल्या सुट्टीच्या गोंगाटाऐवजी त्याला दहा मिनिटं वाचनालयात बसू द्या. गटकार्यात ‘तूही भाग घे’ एवढं पुरत नाही; त्याला नेमकं काम द्या, म्हणजे वेळ सांगणं किंवा तक्ता धरणं.

सवलतींचं : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात मेंदूची इजा असं वेगळं नाव नाही. इजेमुळे जे मागे राहिलं, म्हणजे हालचाल, बोलणं-भाषा, बुद्धी, त्या नावाखाली तपासणी होते. पालकांना यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज करायला आणि सिव्हिलमध्ये चौकशी करायला लगेच सांगा. जादा वेळ, लेखनिक यांसाठी शाळेमार्फत मंडळाकडे जावं लागतं, आणि फॉर्म भरायच्या वेळी धावपळ करून ते होत नाही.

प्रश्न : माझा मित्र डोक्याला लागल्यापासून पहिल्यासारखा नाही राहिला. आम्ही सात-आठ जण पार्कवर बसतो. तो आला की एकच जोक दहादा सांगतो, सगळे उठून जातात. मला वाईट वाटतं पण मलाही कंटाळा येतो. काय करू? गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या जत्रेला) त्याला न्यावं का?
– दहावीतला एक वाचक

उत्तर : तू लिहिलंस म्हणून तुला वेगळं पान द्यावंसं वाटलं, पण जागा नाही. कंटाळा येतो हे बरोबर लिहिलंस. येणारच.

सात-आठ जणांत तो हरवतो. एका वेळी एकच जण बोलत असेल तर त्याला धागा लागतो. सगळे एकदम बोलले की तो घाबरून हातातला एकच जोक पुढे करतो. म्हणून त्याला दोघा-तिघांत भेट. आणि नुसतं बसून गप्पांपेक्षा काहीतरी करताना : कॅरम, कंबर तलावाला चक्कर, सायकलचं पंक्चर काढणं. हात कामात असले की बोलणं सोपं जातं. जोक पुन्हा आला तर खोटं हसू नकोस. ‘हा सांगितलास बे मघाशी. बरं, मॅचचं काय झालं?’ असं म्हण. साध्या आवाजात आणि पुढचा विषय हातात देऊन. हे तुझ्याकडून ऐकलेलं त्याला आईकडून ऐकलेल्यापेक्षा जास्त लागू पडेल. पाठीमागे कुणी त्याची नक्कल करत असेल तर तू हसू नकोस, एवढं पुष्कळ.

गड्ड्याला ने की. पण अक्षतेच्या दिवशी किंवा रविवारी रात्री नको. पाळणे, भोंगे, दिवे, धक्काबुक्की यात आपलंही डोकं भणभणतं. आडवारी दुपारी चारला जा, दोघं-तिघं. आधी ठरवा, काय खायचं, काय बघायचं आणि हरवलो तर कुठे उभं राहायचं. त्यानं ‘चल’ म्हटलं की निघायचं, ‘थांब की बे, अजून एक पाळणा’ नाही. मोठ्या उंच झोक्यांचं त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका.

एक गोष्ट मात्र एकट्यानं पोटात ठेवायची नाही. ‘मेलो असतो तर बरं झालं असतं’ असं काही तो कधी म्हणाला, चेष्टेतसुद्धा, तर त्याच दिवशी त्याच्या घरी किंवा तुझ्या घरी मोठ्या माणसाला सांग. चुगली नव्हे ती. टेली मानस या मानसिक मदतीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. तू स्वतः थकलास तरी लाव.

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा. मार लागून दीड वर्ष झालं, आता बरा आहे. सगळे मित्र गाडी चालवतात. गाडी दिली नाही तर हा एकटा पडेल असं त्याची आई म्हणते. द्यावी का?
– एक वडील, होटगी रोड

उत्तर : नाही. अठराच्या आत ५० सीसीपेक्षा मोठ्या गाडीचा परवानाच मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन मुलानं गाडीवर गुन्हा केला तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा बाजूला ठेवला तरी, अशा इजेनंतर फिट येण्याचा धोका काही काळ राहतो, समोरून येणाऱ्याचा अंदाज चुकतो, आणि त्याच डोक्याला दुसरा मार परवडणारा नाही. अठरा पूर्ण झाल्यावरही न्यूरॉलॉजिस्टनी लेखी होकार दिल्याशिवाय किल्ली नको. मागे बसतानाही हेल्मेट, पट्टा लावून.

त्याच्या आईची भीती मात्र खरी आहे, तिला नुसतं ‘नाही’ म्हणून चालणार नाही. मित्रांना आठवड्यातून एकदा घरी बोलवा, कडक भाकरी आणि शेंगा चटणीला पोरं कधी नाही म्हणत नाहीत. शनिवारी संध्याकाळी त्याला पार्क चौपाटीला तुम्ही सोडा, तासाभरानं घ्यायला जा, आणि त्या तासात फोन करू नका.